जिभेवर काही दिसत नाही, तरी आग होते

पत्र:

डॉक्टरताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, वय ५६. पत्र नातीकडून लिहून घेऊन रायली. दीड वर्षापासून मले जिभेची आग होते. शेंडा आन् दोन्ही बाजू, कधी ओठ, कधी टाळू. सकाळी उठली का बरं असते. दुपारपासून चढत जाते, दिवेलागणीले वाटते कोणं तोंडात ठेचा कोंबून ठेवला. भाकर खाताना कमी होते, तेच समजत नाई. कापूस वेचाले बायकाईसंग गेली का घंटा-दोन घंटे आठवणबी राहत नाई. तोंड कोरडं पडते, चव खारट-कडू.

गावच्या डॉक्टरनं बी-कॉम्प्लेक्स देलं, मलम देलं. उष्णता आहे म्हणून सब्जा, गुलकंद, तुरटीच्या गुळण्या, सारं झालं. तालुक्याले दाढ काढली, मंग दुसरीबी काढली. आग तशीच. शेवटी शहरातल्या मोठ्या डॉक्टरनं टॉर्च मारून पाह्यलं अन् म्हणे, तोंडात काहीच नाई, मनाचं आहे. तवापासून घरचे मले खोटं समजतात. मालक म्हणते, रिकामपणी सुचते. मी माळकरी आहो ताई, खोटं काहून बोलू?

दोन वर्षाआधी माह्या दिराले तोंडाचा कॅन्सर झाला, तंबाखू-सुपारीचा खर्रा खाये. शेवटी शेवटी मीच त्याचं सारं केलं. मीबी मशेरी लावत होती, तो गेला तशी सोडली. मले तेच तर नाई ना झालं? बीपीची गोळी चालू आहे. पोरानं बोअरसाठी कर्ज घेतलं, फायनान्सवाले दारात येतात, तो काही सांगत नाई. झोप लागत नाई. कधी कधी वाटते, जगण्यात राम नाई राहिला. मी येडी होऊन रायली का?

(खाली वेगळ्या अक्षरात: ताई, मी नात, दहावीत आहे. आजी रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलची बॅटरी लावून आरशात जीभ पाहते. रोज. हे मी माझ्या मनानं लिहिते आहे.)

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही वेड्या झालेल्या नाहीत आणि खोटंही बोलत नाही. खोटं सांगणारं माणूस म्हणालं असतं, जेवताना आग जास्त होते. कोणालाही तेच खरं वाटलं असतं. तुम्ही उलट सांगितलंत, आणि नेमकं तेच या दुखण्याचं लक्षण आहे. जिभेचा शेंडा आणि दोन्ही कडा, सकाळी बरं, संध्याकाळी वाईट, घास तोंडात असेपर्यंत आराम, कोरड, खारट-कडू चव: ज्यांनी कधी एकमेकींचं तोंड पाहिलं नाही अशा देशोदेशीच्या बायका डॉक्टरांना बहुतेक हेच सांगतात. याला बर्निंग माउथ सिंड्रोम म्हणतात. आग रोज दोन तासांहून जास्त, तीन महिन्यांहून जास्त काळ, आणि तपासल्यावर तोंडाची आतली त्वचा निरोगी, अशी त्याची व्याख्या आहे. पाळी गेल्यानंतरच्या वयातल्या बायकांत तो सगळ्यात जास्त दिसतो. २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याला स्वतःची जागा आहे. तेव्हा घरात कोणी विचारलं तर सांगा, आजाराला नाव आहे.

दुसरी गोष्ट आगीपेक्षा महत्त्वाची आहे. 'जगण्यात राम नाई राहिला' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मी ते जाता जाता वाचलेलं नाही. असा विचार नुसता येऊन जातो की त्याच्यापुढे काही करावंसं वाटतं, हे तुमच्या माणसाला, नातीच्या आईला, निदान आशाताईला आजच सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासात मदत करणारा, सरकारी नंबर आहे. दिवसा-रात्री कधीही लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येतं. घरात फवारणीची औषधं असतील तर ती कुलपात ठेवायला आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायला पोराला सांगा. हे मी तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. दीड वर्ष दुखणं अंगावर, त्यात झोप नाही आणि वरून कोणी विश्वास ठेवत नाही, अशा माणसाच्या मनात असा विचार येणं मी नवीन नाही समजत. तो बोलून दाखवला की त्याचा जोर कमी होतो, आणि मदत करणाऱ्यालाही कुठून धरायचं ते कळतं.

आता तोंडाकडे येऊ. जे नाव मी वर लिहिलं, ते शेवटी द्यायचं असतं, बाकी सगळं तपासून झाल्यावर. नुसता टॉर्च मारून 'काही नाही' म्हणणं ही अर्धी तपासणी झाली. तुमच्या बाबतीत चार-पाच गोष्टी पाहायलाच हव्यात.

तुम्ही माळकरी आहात, म्हणजे मांस, मासे, अंडी नाहीत. दूध-दही पोटात किती जातं, ते तुम्हालाच माहीत. अशा खाण्यात बी-१२ कमी पडणं आपल्याकडे फार सामान्य आहे, आणि बी-१२ कमी झालं की जिभेची आग होते. बी-कॉम्प्लेक्सची साधी गोळी ती तूट प्रत्येक वेळी भरून काढतेच असं नाही, कधी इंजेक्शनं लागतात. त्यासाठी रक्तात बी-१२ किती आहे ते मोजून घ्या. त्याच रक्तात हिमोग्लोबिन, शरीरातल्या लोहाचा साठा, साखर आणि थायरॉइड पाहता येतं. यातलं एखादं बिघडलेलं निघालं आणि ते सुधारल्यावर आग थांबली, तर मग आजाराचं नावच बदललं. तेव्हा हे टाळू नका.

बीपीची गोळी कोणती, ते लिहिलं नाही. जिच्या नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल, त्या जातीच्या गोळ्यांनी काहींच्या तोंडाची आग होते. पाकीट पाहा. तशी असेल तर डॉक्टरांना बदलून मागा. स्वतःच्या मनानं बंद मात्र करू नका. बीपी चढलं तर जिभेपेक्षा मोठं संकट येईल.

मशेरीचं सांगितलंत ते बरं केलंत. आपल्या विदर्भात खर्रा आणि सुपारी खाणाऱ्यांना तोंडाची आग होते ती बहुतेक वेगळीच असते. त्यात तिखट लागलं की जीव जातो, गालाची आतली बाजू पांढरट पडून कडक होते, गालात बोट घालून चाचपलं तर दोरीसारखे पट्टे लागतात आणि तोंड उघडणं हळूहळू कमी होतं. आपल्या हाताची तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये उभी शिरतात का, पाहा. शिरत नसतील, तर उशीर न करता दाखवा, कारण त्या आजाराचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. तुमच्या वर्णनातलं काहीही त्याच्याशी जुळत नाही, भाकर खाताना तर तुम्हाला बरं वाटतं. तरी मशेरी लावलेलं तोंड आहे, दंतवैद्यानं गाल ताणून, जीभ बाहेर ओढून, जिभेखाली पाहून, हातानं चाचपून एकदा नीट तपासलंच पाहिजे. कवळी बसवली असेल तर ती काढून खालची जागा पाहायची. तिथं बुरशी धरते.

आणि आता तिसरी दाढ नाही. एक्स-रेमध्ये कीड, पू, हाडाची झीज असं काही स्पष्ट दिसल्याशिवाय एकही दात काढू देऊ नका. चांगले दात एकामागून एक काढत जाणं, दुखणं मात्र तिथंच, ही या प्रकारच्या तोंडदुखीतली जुनी चूक आहे. त्यात तुमचा दोष नाही. आग असह्य झाली की माणूस म्हणतं, काहीही करा पण थांबवा.

हे सगळं साफ निघालं, तर मग 'मनाचं आहे' या बोलण्याचा हिशोब करायला हवा. मला त्यात अर्धं खरं दिसतं आणि सांगायची पद्धत चुकीची दिसते.

जिभेवर दिसत नाही, पण जिभेच्या आत बारीक नसा आहेत, केसाहून कितीतरी पातळ. तिखट, उष्ण, टोचणं यांची बातमी त्या मेंदूकडे नेतात. इटलीतल्या संशोधकांनी २००५ मध्ये अशा रुग्णांच्या जिभेचे अगदी लहान तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा या बारीक नसा निरोगी माणसापेक्षा कमी झालेल्या आढळल्या. म्हणजे टॉर्चला जे दिसत नाही ते खोटं असतं असं नाही. पाळी गेल्यावर शरीरातली संप्रेरकं (हार्मोन) बदलतात, त्याचाही या नसांशी आणि चवीशी संबंध असावा असं मानलं जातं.

मन येतं ते इथून पुढे. जीभ बातमी पाठवते, पण ती किती मोठ्यानं ऐकायची हे मेंदू ठरवतो. रोह्या-डुकरांच्या धास्तीनं जागलीला बसलेला माणूस आठवा. दोन रात्री झोप नाही, मागच्या आठवड्यात बाजूचं वावर साफ झालेलं. मग त्याला पान हललं तरी डुक्कर आलं असं वाटतं आणि तो ओरडून गाव उठवतो. पान खरंच हललं होतं. तुमचा मेंदू दीड वर्षापासून असा जागलीवर बसला आहे. दिराचं तोंड रोज धुतलंत, त्याचा वास, त्याचं न गिळता येणं हे सगळं जवळून पाहिलंत. त्यानंतर जिभेला जरा चरचरलं की मेंदू काय समजणार? वर दारातले फायनान्सवाले, पोराचं गप्प राहणं, रात्रीची जाग. काळजी आणि उदासी यांनी दुखण्याचा आवाज वाढतो, आणि दुखण्यानं काळजी वाढते. आधी कोण आलं हे बऱ्याच वेळा सांगताही येत नाही, आणि उपचारासाठी ते ठरवायची गरजही पडत नाही.

कापूस वेचताना आग विसरते, याचा तुमच्या घरच्यांनी पुरावा केला असेल: पाहा, काम असलं की दुखत नाही. त्यांना सांगा, हाडमोडीचं दुखणंही असंच वागतं. हात कामात, तोंडात गप्पा, बायकांचं हसणं चालू असलं की मेंदू दुखण्याची बातमी मागे ढकलतो. ही शरीरातलीच सोय आहे आणि प्रत्येकाला आहे. संध्याकाळी घरात आलं, बसलं, काळजी सुरू झाली की ती सोय ढिली पडते. मला तर तुमच्या पत्रातली ही सगळ्यात आशेची ओळ वाटली, कारण तुमच्या मेंदूला आग खाली आणता येते हे त्यातून कळतं. उपचारात हेच वाढवायचं असतं.

कॅन्सरची भीती. हा आजार असलेल्या कितीतरी जणींना आतून हीच भीती खात असते आणि त्या ती उच्चारत नाहीत, तुम्ही लिहिलीत. तोंडाचा कॅन्सर बहुधा एका जागी येतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गाठ, न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, रक्त येणं, गिळायला अडचण, मानेत गोळा, अशी त्याची रूपं. सुरुवातीला तो बहुतेक दुखतही नाही. दीड वर्ष जिभेच्या दोन्ही बाजूंना सारखी आग, सकाळी कमी, संध्याकाळी जास्त, आणि जीभ स्वच्छ, ही त्याची चाल नाही. बर्निंग माउथचा पुढे कॅन्सर होत नाही. एकदा नीट तपासणी झाली, डॉक्टरांनी तुमच्यासमोर स्पष्ट सांगितलं, की तेवढं पुरे. शंभरदा विचारून भीती जात नाही, उलट ती पुन्हा विचारायला शिकते.

यावरून त्या आरशावर येते. तुमच्या नातीनं प्रेमानं लिहिलं आहे, तिच्यावर रागावू नका. रात्री बॅटरी लावून जीभ पाहणं हे तुम्हाला काळजी घेणं वाटतं. पण तुम्ही जीभ बाहेर काढता, ताणता, दाबता, दातांवर घासून पाहता, कदाचित पट्टीनं खरवडताही. जिभेच्या मागच्या बाजूला मोठे दाणे प्रत्येकाला असतात. रात्री बाराला बॅटरीच्या उजेडात तेच गाठीसारखे दिसतात. मग छाती धडधडते आणि झोप उडते. उद्यापासून एकदम बंद करा असं मी म्हणत नाही, ते जमत नाही. पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदाच, तेही सकाळच्या उजेडात. मग दिवसाआड. मग आठवड्यातून एकदा. आरसा नातीच्या दप्तराजवळ राहू द्या. मधल्या वेळात पाहावंसं फार वाटलं तर थोडं थांबा, तेवढ्यात हाताला काम द्या, तूर निवडा, वाती वळा. पाहण्याची ओढ चढते तशीच उतरते. हे मी घरच्या घरी सांगते आहे. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ हेच शिस्तीनं करून घेतात. स्वीडनमध्ये १९९५ साली, बाकी उपायांनी गुण न आलेल्या रुग्णांना आठवड्याला एक तास, अशा बोलण्याच्या उपचाराच्या १२ ते १५ बैठका दिल्या होत्या. त्यांची आग कमी झाली आणि सहा महिन्यांनी पाहिलं तर आणखी उतरलेली होती. लहानसा अभ्यास होता, पण गोळीशिवाय बोलण्यानं जीभ शांत होते हे त्यातून दिसलं.

औषधंही आहेत. फ्रान्समध्ये २००४ साली क्लोनाझेपामची गोळी तीन मिनिटं तोंडात चोखून मग थुंकून टाकायला दिली, पुष्कळांना आराम पडला. रात्री घ्यायची अमिट्रिप्टिलिनची अगदी कमी मात्राही नसांच्या दुखण्यावर देतात. तिनं तोंडाची कोरड वाढू शकते, म्हणून तुम्हाला ती चालेल की नाही हे पाहून ठरवावं लागेल. या दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत, क्लोनाझेपामची तर सवय लागते. मेडिकलवाल्यानं 'ही झोपेची आहे' किंवा शेजारणीनं 'ही येड्याची गोळी आहे' म्हटलं तर मनाला लावून घेऊ नका. एकच गोळी वेगवेगळ्या आजारांत चालते. पूर्ण थांबेलच असं मी लिहून देत नाही, कोणीही देऊ नये. बऱ्याच जणींची आग सोसवेल इतकी उतरते, काहींची काळानं आपोआप कमी होते.

तोपर्यंत तुरटी बंद. लवंगेचं तेल, हळद घासणं, झणझणीत पेस्ट, सगळं बंद. साधी, कमी फेसाची पेस्ट आणि मऊ ब्रश. आंबट आणि फार तिखट थोडे दिवस कमी करा. पाणी जवळ ठेवून घोट घोट प्या. दिवसभर दात आवळलेले राहतात का, जीभ दातांना ढकलत राहते का, याकडे लक्ष द्या. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ सैल, अशी तोंडाची ठेवण हवी. सब्जा-गुलकंद आवडत असेल तर खा, साखरेचा आजार नसेल तर त्यानं नुकसान नाही, पण उष्णता निघेल म्हणून वाट पाहू नका. वेचणीला जाणं सोडू नका. वेचणी संपली की बायकांत बसायचं दुसरं काही शोधा, हरिपाठ असो की बचत गट.

मालकांसाठी: रिकामपणी सुचतं हे खरं असतं तर कापूस वेचणाऱ्या बाईला हे झालं नसतं. त्यांनी तुमच्यासोबत एकदा दवाखान्यात यावं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकावं. पोरासाठी: आईला कर्जाचा आकडा सांग. तिच्यापासून लपवून तू तिची काळजी वाचवत नाहीस. दारात माणसं येतात ते तिला दिसतं, आणि न कळलेला आकडा मनात दहापट होतो. नातीसाठी: पोरी, तू केलंस ते बरोबर केलंस. आता रोज संध्याकाळी 'आजी, आज किती जळतं?' असं विचारू नको. शाळेतलं सांग, तिच्याकडून एखादा अभंग ऐकून घे. पण ती फार गप्प राहिली, जेवण टाकलं, मरणाचं बोलली, तर ते स्वतःजवळ ठेवू नको, त्याच दिवशी आईला सांग. ते ओझं दहावीतल्या पोरीनं एकटीनं वाहायचं नसतं.

जायचं कुठं? तोंडाच्या तपासणीसाठी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगीचं दंत महाविद्यालय; तिथं ओरल मेडिसिनचा, म्हणजे तोंडाच्या आजारांचा, विभाग विचारा, दात काढायच्या रांगेत उभ्या राहू नका. मनाच्या उपचारासाठी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. दोन्ही उपचार एकाच वेळी चालू द्या, एक फसला म्हणून दुसरा असं करू नका. जाताना बीपीच्या गोळीचं पाकीट, जुन्या चिठ्ठ्या, दाढांचे एक्स-रे असतील तर ते, आणि आठवडाभर सकाळ-दुपार-संध्याकाळ आग किती होती ते नातीकडून एका कागदावर लिहून न्या. मशेरीचं, दिराचं आणि झोपेचं डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा.